मांडणीतला तांब्या

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली आणि माझ्या पोटात गोळा आला. गेले नऊ दिवस मी रोज दोन तास घरात गिटारचा नवा स्पीकर वाजवत होतो, मुद्दाम करून घेतलेल्या लाकडी पेटीत बसवलेला. खालच्या मजल्यावरच्या काकू आज ना उद्या जिना चढून येणार हे मी धरूनच चाललो होतो, काय बोलायचं तेही मनाशी घोळवून ठेवलं होतं. दारात त्याच होत्या. पदर खोचलेला, हाताला कणीक. पण भांडायला आलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. "अरे, तू त्या पेटीत काही बदललंस का?" मी म्हटलं, नाही, काहीच नाही. "मग माझा तांब्या कसा काय वाजायला लागला?" मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आठवडाभर खिडकीवाटे वरून नुसती चरचर यायची, फोडणी जळल्यासारखी. परवापासून ती कमी झाली. आणि आता मी एक ठरावीक जाड सूर वाजवला की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर जो पितळी तांब्या असतो, त्याच्यावर उपडं घातलेलं भांडं थरथरतं. "आधी नव्हतं होत असं. म्हणून म्हटलं विचारावं," एवढं बोलून कणीक सुकेल म्हणून त्या खाली गेल्यासुद्धा.

मी दार लावून पेटीसमोर जमिनीवर बसलो. गिटार मांडीवर तशीच होती, पण वाजवावंसं वाटेना.

नवा गिटारचा स्पीकर पहिल्या दिवशी नीट बोलत नाही, हे माहीत असतं. तरी पैसे साठवून आणलेला स्पीकर पहिल्याच कॉर्डला, म्हणजे चार-सहा तारा एकदम छेडल्या की, कानात टाचण्या टोचाव्यात तसा आवाज काढतो तेव्हा मन खट्टू होतं. मी घेतला तो सेलेशनचा बारा इंची ग्रीनबॅक, २५ वॅटचा. १९२४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा हा स्पीकर साठच्या दशकाच्या मध्यापासून चालत आलाय. पाठीवरच्या चुंबकाला हिरवं प्लॅस्टिकचं झाकण असतं म्हणून त्याला हे नाव पडलं. आता तो चीनमध्ये बनतो, पण कागद बघितला की जीव लागतो असाच आहे. हो, कागदच. इतक्या वर्षांत कितीतरी नवे पदार्थ आले, तरी गिटारच्या स्पीकरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणारा शंकू, अजून बहुतेक कागदाचाच असतो. कडेला त्याच कागदाच्या पन्हळी, आणि मागे कॉइलला, म्हणजे कोनाला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, मधोमध धरून ठेवणारी कापडाची पन्हळीदार चकती, जिला स्पायडर म्हणतात. राळेत भिजवून, तापवून, दाबून ती केलेली असते. नव्यात हे सगळं ताठ असतं. कोनाला पुढे-मागे जायचं असतं आणि या दोघी त्याला जाऊ देत नाहीत, त्यामुळे खालचे सूर अडकतात आणि वरचे तेवढे चिरत बाहेर येतात. तासन्‌तास हलून राळेत बारीक बारीक भेगा पडतात, पन्हळी सैलावतात, मग आवाज मोकळा होतो. हे झालं शास्त्र. पण नऊ दिवस माझ्या मनात दुसराच किडा होता. स्पीकर बदलतोय, की माझा कान सरावतोय? नव्या चष्म्याचा नंबर चार दिवसांनी डोळ्याला टोचत नाही, तसंच तर हे नसेल?

पेटीचं लाकूड मी पुण्याच्या टिंबर मार्केटमधून आणलं. परदेशातून यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून, आणि ती खोकी फोडून त्यांच्या फळ्या इथे विकल्या जातात. गिटारच्या पेट्यांना बर्च प्लाय वापरणारे पुष्कळ आहेत, त्या जड आणि घट्ट बोलतात. पण पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियात फेंडरच्या कारखान्यात अँपची खोकी पाइनच्या फळ्यांची करत, हलकी, स्वतःही थोडी गाणारी. मला ते हवं होतं. फळ्या ओढून काढताना हाताला राळ चिकटली, गाठींभोवती अजून ओलसर होती ती. एका फळीवर काळ्या शाईत छत्रीचं आणि काचेच्या पेल्याचं चित्र छापलेलं होतं. मी ती फळी मुद्दाम आतल्या बाजूला येईल अशी ठेवली. पेटीत हात घालून टॉर्च मारला की अजून दिसते ती छत्री.

सुतारकाम करायला भोरकडचे एक मिस्त्री मिळाले. बाहेरून २० इंच रुंद, १८ उंच, साडेदहा खोल. कोपऱ्यांना खिळे नकोत, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी फळ्यांची टोकं एकमेकांत बसली पाहिजेत, असं सांगितल्यावर ते खूश झाले. असं काम आता कोणी मागत नाही म्हणाले. पुढच्या फळीला गोल भोक हवं होतं २८३ मिलिमीटरचं. त्यांनी मधोमध खिळा ठोकला, राऊटरला एक पट्टी बांधली, पट्टीचं दुसरं टोक खिळ्यात अडकवलं आणि घड्याळाच्या काट्यासारखा राऊटर फिरवला. गोल चकती खाली पडली तेव्हा त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवत पूर्ण फेरी मारली आणि एका जागी थांबून तिथे पॉलिश पेपर घासला. मला काहीच लागलं नव्हतं त्या जागी. मग मागच्या बाजूवरून आमचं अडलं. मिस्त्रींनी मंडपवाल्यांचे बेसचे खोके पुष्कळ बनवलेले, चहूबाजूंनी बंद. मी वर एक आणि खाली एक फळी लावून मधे सहा इंच उघडं ठेवायला सांगितलं तर ते म्हणाले, "साहेब, मागनं आवाज पळून जाईल की." तो जायलाच हवा होता मला. बंद पेटी आवाज समोर फेकते. उघडी पेटी मागूनही बोलते, भिंतीवरून फिरून येते, खोली भरते. खालचे सूर थोडे कमी मिळतात, हे मान्य. पण माझी खोली बारा बाय दहाची, मला मैदान गाजवायचं नव्हतं.

रेक्झिन मी स्वतः चढवलं, स्कूटरच्या सीटला असतं तसलं काळं, बारीक दाण्याचं. कापडाला आणि लाकडाला दोन्हीकडे पिवळा गोंद फासायचा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचा, बोट लावलं तरी बोटाला चिकटत नाही अशा बेताला आला की एकदाच टेकवायचं. टेकवलं की सरकत नाही. त्या पंधरा मिनिटांत खोलीत गोंदाचा वास दाटला, गोड आणि डोक्यात जाणारा, आणि मी चाळीस वर्षं मागे गेलो.

अण्णांच्या दुकानाचा वास हाच होता.

मिरजेत आमचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचं घर. रेडिओ नावाला. खरं काम स्पीकरचे कागद बदलण्याचं. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी महिनाभर मंडपवाले फाटके, जळके स्पीकर पोत्यात भरून आणून टाकत. जळलेल्या कॉइलचा कडवट वास नाकात बसायचा. अण्णा ब्लेडने जुना कागद खरवडून काढत, चुंबकाच्या फटीतला लोखंडाचा चुरा चिकटपट्टीने टिपून घेत, मग नवी कॉइल त्या फटीत सोडत. ती फट नखाएवढीही नसते. कॉइल सगळ्या बाजूंनी सारखी राहावी म्हणून तिच्या आत एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, जुन्या फिल्मला तोटा नाही. माझं काम पट्ट्या कापायचं. कात्रीखालून कोणाच्या तरी बरगड्या, मनगटं, गुडघे निघून जायचे. गोंद सुकला की पट्ट्या ओढून काढायच्या आणि अण्णा दोन्ही अंगठ्यांनी कागद हलकेच आत दाबून कान जवळ नेत. कॉइल कुठे घासत असेल तर कागदाखाली उंदीर कुरतडल्यासारखा आवाज येतो. तो आला नाही तर मधली टोपी चिकटवायची, आणि स्पीकर तयार.

तयार, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मते. अण्णांच्या मते नाही. "कागद ताठ आहे अजून," असं म्हणून ते तो स्पीकर दुकानातल्या रेडिओला जोडत आणि रात्रभर चालू ठेवत. आकाशवाणीची शेवटची सभा संपली की ते सुई मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे आणून ठेवायचे. नुसती खरखर. तेव्हा मला वाटायचं, अण्णांना त्याचं काही वाटत नाही म्हणून ते असं करतात. आज कळतं की त्या खरखरीत खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकदम असतात आणि कागदाला सगळ्या अंगांनी हलवायला याहून चांगलं काही नाही. काही कारागीर सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सरळ स्पीकरला लावून ठेवतात, विजेचे ५० हर्ट्झ घुमत राहतात. आठ ओहमच्या स्पीकरला साडेचार-पाच वॅट मिळतात, काम लवकर होतं. अण्णांना ते पटायचं नाही. एकाच सुरात हलवून उपयोग नाही म्हणायचे.

सतारमेकर गल्ली आमच्यापासून जवळ. पंढरपूरकडून आलेले भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले असत, आणि खाली कोणीतरी मान वाकवून तंबोऱ्याच्या घोडीची जवारी घासत बसलेलं असे. एक घासा, मग तार छेडून ऐकायचं, परत एक घासा. तिथले एक चाचा अण्णांचे मित्र होते, ते चहाला येत. नवा तंबोरा बोबडा असतो, वर्षभर गवयाच्या हातात राहिला की त्याचं लाकूड उघडतं, असं ते सांगत आणि अण्णा मान हलवत. दोघांचा धंदा एकच असल्यासारखे बोलत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी वाचली तेव्हा मला त्या दोघांच्या कपबश्याच आठवल्या. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तेव्हा अण्णा मागे कडेला उभे राहून ऐकत. गाणं कितपत कळायचं ठाऊक नाही. स्पीकरमधून तंबोरा स्वच्छ येतोय की नाही, हे मात्र ते पहिल्या मिनिटाला सांगत.

त्या खरखरीचा मी मनापासून राग करायचो. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागेना तेव्हा उठून, अंधारात चाचपडत दुकानात जाऊन मी स्पीकरची वायर काढली. सकाळी अण्णांनी रेडिओ चालू आणि स्पीकर गप्प असं बघितलं. त्यांनी कागदावर अंगठे टेकले, वायर पुन्हा जोडली. मंडपवाला आला तेव्हा त्याला म्हणाले, हा संध्याकाळी ने. त्याचं दुपारचं लग्न होतं, तो अडून बसला. अण्णांनी आमच्या घरातला स्वतःचा बॉक्स, ज्यावर ते रविवारी गाणी ऐकत, तो उचलून त्याला दिला. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, पेन दोन घेतलीस ना.

तो बॉक्स परत आला तेव्हा त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. अण्णा त्याबद्दलही काही बोलले नाहीत. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

काकू गेल्या त्या दुपारी मी पेटी आडवी घातली आणि स्पीकरचे सगळे बोल्ट सोडले. हे काम अर्धवट राहिलं होतं. पहिल्या दिवशी, पेटीत बसवायच्या आधी, मी त्याची नैसर्गिक कंपनसंख्या मोजून ठेवली होती. अवघड नाही ते. अँपच्या आणि स्पीकरच्या मधे एक हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा, फोनवरून एकेक हर्ट्झ चढवत सूर सोडायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरायचा. आकडा चढत चढत एका जागी कळसाला जातो आणि मग उतरतो. ती जागा म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा सूर. पहिल्या दिवशी तो ८७ हर्ट्झला सापडला होता. कंपनीच्या माहितीपत्रकात ७५ लिहिलंय. नऊ दिवस, रोज दोन तास, स्वच्छ आवाज, ट्रेबल उतरवलेला, बेस आणि मिडल चढवलेले, उघड्या तारांचे भरगच्च कॉर्ड. १५ वॅटचा व्हॉल्वचा अँप, २५ वॅटचा स्पीकर, त्यामुळे जळायची भीती नव्हती. आता सुई कुठे थांबते ते बघायचं होतं. मी श्वास रोखून आकडे चढवत गेलो.

७९.

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की ८२.४ हर्ट्झचा सूर निघतो. पहिल्या दिवशी कागदाचा सूर तिच्या वर होता, आता तो तिच्या खाली उतरला होता. जे सूर आधी ओठांवर येऊन थांबत होते ते आता स्लॅबमधून उतरून काकूंच्या मांडणीपर्यंत पोचत होते. माझा कान सरावला असेलही, सरावलाच असणार. पण मांडणीवरचं भांडं काही सरावत नाही. काकूंनी जे सांगितलं ते माझ्या मल्टिमीटरइतकंच खरं होतं आणि त्याच्या आधीचं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आकडा वहीत लिहिताना मनात भलतंच येत होतं. तो स्पीकर मोकळा होण्यासाठी अठरा तास कोणीतरी तो ताठ आवाज सोसला होता, आणि त्यातला निम्मा भार माझ्यावर नव्हता. मी हौसेने वाजवत होतो. काकू पोळ्या करत होत्या. अण्णांच्या दुकानात तयार झालेले शेकडो स्पीकर लग्नांत, मिरवणुकांत गेले, आणि त्या प्रत्येकाची पहिली रात्र आमच्या घरात गेली. भिंतीच्या अलीकडे आई झोपायची. दिवसभर राबून पाठ टेकणारी ती, आणि डोक्याशी ती खरखर. हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आई सांगलीला बहिणीकडे असते. संध्याकाळी फोन केला. पेटी, रेक्झिन, मिस्त्री सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, तुला त्या आवाजाचा त्रास नाही व्हायचा गं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं फोन कटला. "सुरुवातीला व्हायचा," ती म्हणाली. "मग उलटं झालं. बंद झाला की जाग यायची. लाइट गेली की मी पहिली उठायचे." आणि जरा थांबून, "तू वायर काढलीस ना परीक्षेच्या रात्री, तेव्हा जागीच झाले मी. तुझी पावलं ऐकली." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "तुझा पेपर होता," ती म्हणाली, आणि बहिणीच्या मुलीच्या सर्दीविषयी सांगू लागली.

मंगळवारी मी ऑफिसातून लवकर आलो. बोल्ट पुन्हा बसवले, समोरासमोरचे दोन-दोन, थोडे थोडे आवळत, मोटारीच्या चाकाचे आवळतात तसे, म्हणजे सांगाडा पिळवटत नाही. लूपरमध्ये, म्हणजे वाजवलेलं टिपून पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात, चार कॉर्ड भरले, पहिला ई, जाड तारेवर जोर देऊन. तो आपोआप फिरत राहिला तसा आवाज बेताचा ठेवला, दार ओढून घेतलं आणि खाली जाऊन काकूंची बेल दाबली. "काकू, तांब्या बघायला आलोय." त्या हसल्या आणि आत घेऊन गेल्या.

स्वयंपाकघरात आमसुलाचा आणि तूप कढवल्याचा वास होता. माझंच संगीत तिथे मला ओळखू येईना. वरच्या सगळ्या धारा स्लॅबने गाळून घेतल्या होत्या, उरला होता तो एक गोल, दबका ठोका आणि त्याच्यामागे घुमणारा सूर, पलीकडच्या खोलीत कोणीतरी मोठं माणूस हळू बोलत असावं तसा. मी कधीच पेटीच्या या बाजूला उभा राहिलो नव्हतो. मांडणी जुनी, पितळी पट्ट्यांची. तिच्यावर पोह्यांचे डबे, कढया, आणि कोपऱ्यात तो तांब्या, चिंचेने घासून पिवळाधमक केलेला, त्यावर उपडं भांडं. लूप फिरून पहिल्या कॉर्डवर आला आणि भांड्याची कड तांब्याच्या गळ्यावर बारीक थरथरली. झिंग्‌ग्‌ग असा आवाज, लांबून देवळातली घंटा वाजावी इतका नाजूक. मग तीन कॉर्ड गेले, ते गप्प. पुन्हा पहिला, पुन्हा थरथर.

"सासूबाईंचा आहे," काकू म्हणाल्या. "पाणी पितो कोण आता यातून. पण ठेवलाय." मी म्हटलं, पेटीखाली जाड रबर घालतो, मग नाही यायचं खाली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. त्यांनी भांड्यावर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. पुढच्या फेरीला भांडं वाजलं नाही, फक्त वरून तो दबका ठोका तेवढा आला, आणि आम्ही दोघं छताकडे बघत उभे राहिलो. तीन कॉर्ड गेले. चौथा संपत आला तेव्हा काकूंनी हात काढून घेतला.